अकरावी-बारावीत एआयचं गणित: आधी बाटलीला भोक पाडा

वाचकाचं पत्र

मी तालुक्याच्या गावातल्या एका ज्युनिअर कॉलेजात सायन्सला गणित शिकवते. एमएस्सी प्युअर मॅथ्समधून, नंतर बीएड. आमच्या संस्थेने येत्या जूनपासून ‘एआय व डेटा सायन्ससाठी प्रगत गणित’ असा आठवड्याला दोन तासांचा जादा वर्ग सुरू करायचं ठरवलं आहे आणि ती जबाबदारी माझ्यावर आली आहे. एक कंपनी तयार अभ्यासक्रम घेऊन येऊन गेली. त्यात आयगेन व्हॅल्यू, टेन्सर, न्यूरल नेटवर्क असं सगळं आहे, आणि दर विद्यार्थ्यामागे फी. मला प्रोग्रॅमिंग येत नाही. लॅबमध्ये चालू कॉम्प्युटर मोजकेच आहेत. पालक विचारतात, याचा सीईटीला उपयोग काय? मी नेमकं काय शिकवू? आणखी एक: अकरावीतल्या माझ्या एका विद्यार्थिनीला इंजिनिअरिंग नको आहे, स्टॅटिस्टिक्स करायचं आहे. वडील तयार नाहीत. तिला काय सांगू?

उत्तर

नमस्कार मॅडम,

त्या कंपनीला नम्रपणे नाही म्हणा. अकरावीतल्या मुलाच्या कानावर टेन्सर हा शब्द पडला नाही म्हणून त्याचं काही अडत नाही. डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, कशासाठी काढतात हे कळलं नाही तर मात्र अडतं, आणि ती अडचण पुढे चार वर्षं त्याच्याबरोबर चालत राहते.

मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला एम-वन, म्हणजे गणिताचा पहिला पेपर, शिकवतो. सीईटीत उत्तम पर्सेंटाइल मिळवलेली मुलं समोर बसलेली असतात. अवघड इंटिग्रल ती बघता बघता सोडवतात. पण ‘कालव्याचा प्रवाह दर तासाला नोंदवला आहे, हे घ्या आकडे, दिवसभरात किती पाणी गेलं?’ असं विचारलं की पेनं थांबतात. ‘सर, फॉर्म्युला कुठला?’ हा पहिला प्रश्न. ज्या धड्यात त्यांना पैकीच्या पैकी मार्क आहेत, त्याच धड्याचा हा प्रश्न आहे हे त्यांना ओळखू येत नाही. यात मुलांचा दोष नाही. प्रत्यक्षातल्या गोष्टीपासून समीकरणापर्यंतची वाट त्यांना कुणी चालवलेलीच नसते.

म्हणून माझं म्हणणं असं, की नवे धडे वाढवू नका. पुस्तकात जे आहे त्यातलेच तीन-चार विषय घ्या आणि ते शेवटपर्यंत न्या. मोजमाप करायचं, समीकरण मांडायचं, त्यावरून अंदाज करायचा आणि तो अंदाज किती चुकला हे तपासायचं. एआय असो, पूल बांधणं असो की औषधाचा डोस ठरवणं असो, तांत्रिक नोकरीत गणित याच क्रमाने येतं. अकरावी-बारावीतलं ‘प्रगत’ म्हणजे मी हेच धरतो.

हे बोलणं हवेत राहू नये म्हणून एक प्रयोग पुरा सांगतो. पहिले पाच-सहा तास तुम्ही यावरच घालवू शकाल.

दोन लिटरची सरळ उभ्या भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्या आणि वरचा निमुळता भाग कापून टाका. तळाजवळ, जिथे भिंत सरळ आहे तिथे, तापवलेल्या खिळ्याने तीनेक मिलिमीटरचं भोक तुम्हीच पाडा, मुलांना पाडायला देऊ नका. बाहेरून सेंटिमीटरची कागदी पट्टी चिकटवा, शून्य भोकापाशी. पाणी भरा, बोट काढा, मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू. दर ३० सेकंदांनी पाण्याची उंची वाचायची. समजा आकडे असे आले: सुरुवातीला १६ सेंमी, मग १२.३, ८.९, ६.३ आणि दोन मिनिटांनी ४.१.

इथे थांबा. बोट परत भोकावर लावा आणि वर्गाला विचारा, उरलेलं पाणी किती वेळात जाईल? पहिल्या दोन मिनिटांत १२ सेंमी गेलं, म्हणून कुणी म्हणेल ४० सेकंद. जरा बारकाईने बघणारी मुलं म्हणतील, शेवटच्या अर्ध्या मिनिटात दोन-सव्वादोन सेंमीच उतरलं, म्हणजे मिनिटभर तरी लागेल. सगळे अंदाज फळ्यावर लिहून ठेवा, पुसू नका.

आता गणित. भोकातून पाणी किती वेगाने पडतं ते वरच्या उंचीच्या वर्गमुळावर ठरतं. टोरिचेलीने सतराव्या शतकात हे दाखवलं, आणि तुमच्या कॉलेजचे फिजिक्सचे सर ते पाच मिनिटांत समजावतील. मग समीकरण मुलांनाच लिहू द्या: उंची बदलण्याचा दर बरोबर उणे एक स्थिरांक गुणिले उंचीचं वर्गमूळ. हे बारावीच्या डिफरन्शियल इक्वेशनच्या धड्यातलं अगदी साधं, व्हेरिएबल सेपरेबल प्रकारातलं समीकरण आहे. सोडवलं की कळतं, वर्गमूळ वेळेबरोबर सरळ रेषेत उतरायला हवं. कॅल्क्युलेटरवर वर्गमुळं काढायला लावा: ४.००, ३.५१, २.९८, २.५१, २.०२. दर अर्ध्या मिनिटाला जवळपास ०.५ ने घट! उंचीचा आलेख वाकडा होता, वर्गमुळाचा सरळ आला. म्हणजे ४ वरून २ वर यायला दोन मिनिटं लागली, तर २ वरून शून्यावर यायलाही दोनच मिनिटं लागणार. वर्गातला एकही अंदाज बहुधा दोन मिनिटांचा नसेल. बोट काढा, घड्याळ लावा.

आणि शेवटच्या सेंटिमीटरच्या आसपास धार तुटते, पाणी ठिबकायला लागतं, आकडे रेषेवरून सरकतात. ती जागा झाकू नका. मुलांना सांगा की आपलं समीकरण इथे संपलं, कारण पृष्ठताण आपण हिशोबात धरलाच नव्हता. आपलं मॉडेल कुठपर्यंत चालतं आणि कुठे मोडतं हे सांगता येणारा माणूस कुठल्याही कंपनीला हवा असतो, आणि आपल्या परीक्षांत हे एका मार्कालाही विचारत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

आता एआयकडे वळू. ‘जवळपास ०.५’ म्हणजे नेमकं किती? चार मोजमापं आहेत आणि ती एका रेषेवर तंतोतंत बसत नाहीत. वर्गमुळातली एकूण घट अनुक्रमे ०.४९, १.०२, १.४९, १.९८. दर ३० सेकंदांची घट आपण एक संख्या मानू. ती ०.३ धरली तर चारही ठिकाणी किती चुकतो ते काढा, प्रत्येक चुकीचा वर्ग करा आणि बेरीज घ्या. ही बेरीज सगळ्यात लहान कधी होईल? लजांद्रने ही लीस्ट स्क्वेअर्सची पद्धत १८०५ मध्ये छापली. हे बारावीच्या मॅक्सिमा-मिनिमाच्या धड्याचंच काम आहे. डेरिव्हेटिव्ह काढून शून्याशी बरोबर ठेवलं की उत्तर मिळतं १४.९२ भागिले ३०, म्हणजे ०.४९७.

तेच उत्तर दुसऱ्या वाटेने काढायला लावा. डेरिव्हेटिव्ह निघतं ६० गुणिले ती संख्या, वजा २९.८४. ०.३ पासून सुरुवात करा. तिथे डेरिव्हेटिव्ह उणे ११.८४ आहे, म्हणजे संख्या वाढवली की चूक कमी होणार. किती वाढवायची? डेरिव्हेटिव्हच्या एक शतांश. ०.३ वरून आपण आलो ०.४१८ वर. पुन्हा तेच केलं की ०.४६६, मग ०.४८५, मग ०.४९२. एकेक पाऊल ०.४९७ च्या जवळ जातंय. आता पावलाचं माप ०.०१ ऐवजी ०.०४ करा. ०.३ वरून थेट ०.७७४, तिथून ०.१११, तिथून १.०३९, आणि पुढे आकडे जास्तच भरकटत जातात. पोरांना हे स्वतःच्या कॅल्क्युलेटरवर भरकटताना बघू द्या. वर्गात गलका होईल, होऊ द्या. यालाच ग्रेडियंट डिसेंट म्हणतात, आणि त्या पावलाच्या मापाला लर्निंग रेट. ही कल्पना कोशीने १८४७ मध्ये मांडली. आजच्या भाषा-मॉडेलांत एका संख्येच्या जागी अब्जावधी संख्या असतात आणि डेरिव्हेटिव्ह काढायला चेन रूल (एकात एक गुंतलेल्या फंक्शनांचं डेरिव्हेटिव्ह काढायचा नियम) थरामागून थर वापरावा लागतो. पण ज्याने हाताने पाच पावलं टाकली आहेत त्याला पुढे तो पसारा परका वाटत नाही. त्या कंपनीच्या अभ्यासक्रमात न्यूरल नेटवर्कचं रंगीत चित्र असेल. तुमच्या मुलांच्या वहीत आकडे असतील.

बाकीचे विषय थोडक्यात सांगतो, कारण रीत तीच आहे.

एक पुस्तक तुमच्या स्टाफरूममध्येच सापडेल. बारावी कॉमर्सच्या गणिताच्या दुसऱ्या भागात लिनियर रिग्रेशन आहे, टाइम सिरीज आहे, असाइनमेंट प्रॉब्लेम आहे. अकरावी कॉमर्सला कोरिलेशन आहे. डेटा सायन्सच्या पहिल्या सत्रात जे शिकवतात त्यातलं बरंचसं कॉमर्सची मुलं शिकतात आणि एआयमध्ये जायला निघालेली सायन्सची मुलं ते बघतही नाहीत. कॉमर्सच्या गणिताच्या शिक्षकांना सोबत घ्या. जमलं तर दोन्ही शाखांची मुलं एकत्र बसवा. बाटलीचे आकडे घेऊन रिग्रेशन शिकवलं तर तो धडा तासाभरात कळतो.

मॅट्रिक्ससाठी पाऊस घ्या. राज्य सरकारच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर मंडळनिहाय रोजचा पाऊस मिळतो. आपल्या मंडळाचे जून ते सप्टेंबरचे आकडे मुलांना उतरवून घ्यायला सांगा. पावसाच्या दिवसानंतर पुन्हा पाऊस किती वेळा, कोरड्या दिवसानंतर पाऊस किती वेळा, एवढं मोजून त्याचं प्रमाण (० ते १ मधल्या अपूर्णांकात) काढलं की दोन बाय दोनची मॅट्रिक्स तयार होते. तिचा स्वतःशी पुन्हा पुन्हा गुणाकार करत गेलं की थोड्याच वेळात आकडे एका जागी स्थिरावतात. का स्थिरावतात, हा प्रश्न मुलांकडूनच येईल. त्या दिवशी आयगेन व्हॅल्यू हा शब्द फळ्यावर लिहा, त्याआधी नको. आणि इथे तुमचं प्युअर मॅथ्स उपयोगी पडेल, कारण ‘नेहमीच स्थिरावतात का?’ याचं पक्कं उत्तर तुम्ही देऊ शकता. तयार स्लाइड वाचून दाखवणाऱ्याला ते जमणार नाही.

बेजचं प्रमेय, म्हणजे नवी माहिती हाती आल्यावर शक्यता किती बदलते ते काढायची रीत, अकरावीच्या प्रॉबॅबिलिटीत आहे. ते फसव्या ऑनलाइन व्यवहारांवर शिकवा. समजा १०,००० व्यवहारांत १० फसवे आहेत. यंत्रणा त्यातले ९ पकडते, पण खऱ्या व्यवहारांपैकी १ टक्का म्हणजे सुमारे १०० व्यवहारांवरही उगीच संशय घेते. म्हणजे इशारे आले १०९ आणि त्यातले खरे फक्त ९. ‘९० टक्के फसवणूक पकडते’ ही जाहिरात आणि हा हिशोब शेजारी शेजारी लिहा, पुढची चर्चा आपोआप होईल.

लिनियर प्रोग्रॅमिंगचा (दिलेल्या मर्यादांत जास्तीत जास्त नफा किंवा कमीत कमी खर्च काढायचा) धडा बोर्डाला हमखास मार्क देणारा म्हणून आलेख काढून उरकला जातो. दोन अज्ञातं असली तर आलेख पुरतो, हजारो असली तर काय, असं विचारून बघा. डान्टझिगने १९४७ मध्ये त्यासाठी सिम्प्लेक्स पद्धत काढली. १९८४ मध्ये बेल लॅब्समध्ये काम करणाऱ्या नरेंद्र करमरकरांनी बहुभुजाच्या कडेकडेने न जाता आतून वाट काढणारी पद्धत दिली आणि जगभर खळबळ उडाली. करमरकर ग्वाल्हेरच्या मराठी घरातले, आयआयटी मुंबईत शिकलेले. आपल्या पुस्तकातल्या धड्याला एवढं मोठं घराणं आहे हे मुलांना कळलं पाहिजे.

एवढंच करा. वर्षभरात चार गोष्टी नीट झाल्या तर तो वर्ग मी यशस्वी मानेन.

वेळेचं म्हणाल, तर जादा दोन तासांच्या आधी गणिताच्या प्रॅक्टिकलकडे बघा. बोर्डाची लेखी परीक्षा ८० मार्कांची, उरलेले २० प्रॅक्टिकलचे. त्या तासांत बहुतेक ठिकाणी काय चालतं ते तुम्हाला मी सांगायला नको: एकाचं जर्नल पूर्ण होतं आणि बाकीचे त्यावरून उतरवतात. नेमून दिलेली प्रॅक्टिकल्स तर करावी लागतीलच, पण त्याच तासांत बाटली आणि पाऊस बसू शकतात. आणि हा वर्ग अकरावीला ठेवा. बारावीतलं जे थोडं डिफरन्शियल इक्वेशन आणि मॅक्सिमा-मिनिमा लागतं ते तिथेच दाखवा, आलेखावरूनही समजतं. बारावीला दिवाळीनंतर मुलांच्या डोक्यात बोर्ड आणि सीईटीशिवाय काही शिरत नाही, आणि तेव्हा त्यांना आणखी काही देणं हा त्यांच्यावर अन्याय होईल.

प्रोग्रॅमिंग येत नाही याची काळजी करू नका. पहिला महिना कागद आणि कॅल्क्युलेटर. दुसऱ्या महिन्यात एक्सेल, एका कॉम्प्युटरवर तिघं, आणि माऊस आळीपाळीने. ग्रेडियंट डिसेंटची शंभर पावलं एक्सेलमध्ये खाली ओढली की झाली. पायथन त्यानंतर. गुगल कोलॅब मोबाइलच्या ब्राउझरमध्येही चालतं आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. दहा ओळींच्या पुढे जायची गरज नाही. त्या दहा ओळी तुम्ही मुलांबरोबरच शिकलात तरी चालेल. बाईंनाही एरर येतो आणि त्या तो वाचून दुरुस्त करतात, हे वर्गात एकदा दिसलं की मुलांची भीती जाते. परीक्षा मात्र घेऊ नका. प्रत्येक गटाने दोन पानं लिहायची: काय मोजलं, काय गृहीत धरलं, कुठे चुकलं. मराठीत लिहिली तरी चालतील.

पालकांना खरं सांगा. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, ते सरावाचं आणि वेगाचं काम आहे. तुमच्या वर्गामुळे तिथले मार्क वाढतील असं आश्वासन देऊ नका. ज्या दिवशी हा वर्ग ‘सीईटीसाठी उपयुक्त’ म्हणून खपवला जाईल, त्या दिवसापासून मुलं त्यात एमसीक्यू मागायला लागतील. एवढं मात्र पालकांना छातीठोकपणे सांगा, की प्रवेश मिळाल्यावर पहिल्या वर्षी गणितात गटांगळ्या खाणाऱ्यांत त्यांचं मूल असण्याची शक्यता यामुळे कमी होते.

दुसऱ्या बाजूने तुम्हाला असंही ऐकवणारे भेटतील की आता कॅल्क्युलस कशाला, बीजगणित कशाला, सरळ डेटा सायन्सच शिकवा. त्यांच्या नादी लागू नका. अमेरिकेत कॅलिफोर्नियात हा वाद जोरात झाला. काही शाळांत वरच्या पातळीच्या बीजगणिताऐवजी डेटा सायन्सचा विषय घेता येत होता. २०२३ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या प्राध्यापकांच्या समितीने सांगितलं की असे विषय त्या बीजगणिताची जागा घेऊ शकत नाहीत. शहरातल्या मोठ्या शाळेतलं मूल निसटलेलं बीजगणित क्लास लावून भरून काढतं. तुमच्या गावातल्या मुलाकडे ती सोय नाही. त्याच्याकडे तुम्ही आहात, म्हणून त्याच्या वाट्याचं अवघड गणित कमी करू नका.

आता तुमची विद्यार्थिनी. अकरावीत असताना तिला स्टॅटिस्टिक्स हवंसं वाटतंय, ही फार चांगली खूण आहे. वडिलांशी वाद घालायला तिला एकटीला पाठवू नका, त्यांना कॉलेजात बोलावून तुम्हीच बोला. त्यांची काळजी बहुधा नोकरीची आणि खर्चाची असेल. त्यांना सांगा की औषध कंपन्या, बँका, विमा, हवामान, सगळीकडे स्टॅटिस्टिक्सवाले लागतात, आणि एआयच्या कामात तर इंजिनिअरइतकेच. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये (आयएसआय) बीस्टॅट ही स्टॅटिस्टिक्सची पदवी आहे, त्याच संस्थेचं बंगळुरूला गणिताचं बीमॅथ आहे. या दोन्हींना ट्यूशन फी नाही आणि अभ्यास नीट ठेवला तर स्टायपेंडही मिळतो. हा मुद्दा वडिलांपुढे सगळ्यात आधी मांडा. प्रवेश परीक्षा अवघड असते. तिथे सिद्धता लिहाव्या लागतात, आणि त्याची तयारी करून द्यायला एमएस्सी प्युअर मॅथ्स झालेल्या बाईंइतकं योग्य माणूस तालुक्यात दुसरं नसेल. आठवड्यातून एक तास तिला द्या, जुन्या प्रश्नपत्रिका संस्थेच्या संकेतस्थळावर आहेत. घरापासून लांब पाठवायला वडील अजिबात तयार नसतील तर जवळच्या कॉलेजात बीएस्सी स्टॅटिस्टिक्स आणि सोबत आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बीएस, असाही मार्ग आहे. पण आधी आयएसआयचा प्रयत्न करू द्या. तिथले फॉर्म बोर्डाच्या परीक्षेच्या धामधुमीत निघतात आणि तेवढ्यात मुदत संपूनही जाते, म्हणून तिच्या बारावीच्या वर्षी जानेवारीपासून संकेतस्थळ तुम्हीच बघत राहा.